‘सोबत’ कोण बनवतं?

४ फेब्रुवारी

धाकटी आणि मेहुणे संध्याकाळी येऊन गेले. हसतमुखाने आले, एक खोकं माझ्या हातात ठेवलं आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. आत तळहातात मावेल असं निळं यंत्र. गाणी ऐकायचं. पडदा वगैरे काही नाही, नुसती चार ठसठशीत बटणं, आणि प्रत्येकाचा आकार निराळा, म्हणजे डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला बोटांनी कळावं. वर नाव ‘सोबत’, खाली यांच्या दुकानाचं चिन्ह.

“दादा, हे आपलं,” धाकटी म्हणाली.

आपलं म्हणजे कुणाचं? यांचं दुकान घड्याळांचं, रेडिओचं, कानयंत्रांच्या सेलचं. गिऱ्हाईक बहुतेक साठीच्या पुढचं. या दोघांना मी आयुष्यात कधी साधा स्क्रू पिळताना पाहिलेलं नाही. कुणीतरी बनवून दिलं असणार, यांनी वर नाव चिकटवलं असणार. कुणी ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सांगायचं असतं तर सांगितलं असतं, मी काय पदर पसरायचा?

“छान आहे,” एवढंच म्हणालो. धाकटी आणखी थोडा वेळ थांबली, मग आत हिच्याशी बोलायला गेली.

घरात आवाजाचं काम करणारा माणूस मी. वीस वर्षं स्टुडिओत लोकांचे आवाज नीट करतोय. मागच्या महिन्यात धाकटीचे दोन-तीन फोन आले होते, “दादा, दुकानात ये ना, तुझ्याशी काम आहे.” काम म्हणजे गल्ल्यामागचा खरखरणारा स्पीकर, दुसरं काय असणार? मी गेलो नाही. स्पीकर दुरुस्तीला दादा, आणि गाण्याचं यंत्र काढताना दादा परका.

ही म्हणाली, “नाक का फुगलंय?” म्हटलं, सर्दी.

६ फेब्रुवारी

स्टुडिओत आज जाहिरातवाला आलाच नाही, तेव्हा दुपारभर ‘सोबत’ ऐकलं. वाईट असेल अशी फार आशा होती. वाईट नाही. खालचे सूर भरीव, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, आवाज वाढवला तरी फाटत नाही. या किमतीच्या यंत्राला हे जमत नाही. म्हणजे बनवणारा ऐरागैरा नव्हे.

कुणाचं असेल, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. कट्ट्यावर टाकलं. (आमचा कट्टा म्हणजे इंटरनेटवर भरणारी कानवेड्यांची सभा. तिथे मला ‘कानसेन’ म्हणतात. हिच्याशिवाय घरात कुणाला माहीत नाही.) नुसतं विचारलं : ‘ज्येष्ठांसाठी म्हणून एका दुकानाने स्वतःच्या नावाने प्लेअर काढलाय. आतलं कुणाचं असेल? लावा डोकं.’

तासाभरात पन्नास शहाणे जमा. कुणी म्हणे बटणांवरून परदेशी माल. कुणी म्हणे आवाजावरून मोठ्या कंपनीचाच माल मागच्या दाराने आलाय. ‘बॅटरीबाबा’ नावाचा एक सदस्य आहे, त्याला प्रत्येक रोगाचं मूळ बॅटरीत दिसतं. तो म्हणाला, “कानसेन, उघडून बघा ना.” मी लिहिलं, “कान असल्यावर उघडायची काय गरज?” सगळे हसले. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

उघडलं.

भेट आलेली वस्तू आहे, पण माझीच आहे. मागचे चार स्क्रू काढले, झाकण उचकटलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ते दिसलं : प्लास्टिकमध्येच उठलेला छोटा त्रिकोण, मध्ये दोन ठिपके.

कट्ट्यावरच्या शेंबड्या पोरालासुद्धा हे चिन्ह माहीत आहे. ‘त्रिकोणवाले’! काही वर्षांपूर्वी त्यांच्या प्लेअरच्या बॅटऱ्या फुगत होत्या, एकाची उशी करपली, बराच गाजावाजा झाला. मग त्यांनी गाशा गुंडाळला. पण असले लोक एका दारातून जातात आणि दुसऱ्या दाराने येतात.

सापडलं! स्टुडिओत एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

आतली बॅटरी मात्र त्रिकोणवाल्यांची नव्हे. चांगल्यापैकी महागातली, नीट जाड आवरणातली, तारांचं काम तर इतकं स्वच्छ की बघत राहावं. हे जरा कोड्यात बसत नाही. पण साखळीत एक कडी सैल असतेच. झाकणाचा फोटो काढला. बॅटरीचा काढला नाही, उजेड पुरेसा नव्हता.

१० फेब्रुवारी

बॅटरीच्या फोटोबद्दल काल जे लिहिलं ते खरं नाही. उजेड भरपूर होता. तो फोटो टाकला असता तर फाटे फुटले असते आणि माझ्या शोधाची मजा गेली असती. कट्ट्याला लिहायचं नाही ते निदान इथे लिहावं.

आज झाकणाचा फोटो टाकला. वर मथळा : ‘“सोबत” कुणाची? ओळखीच्याच त्रिकोणाची!’ खाली लिहिलं, ‘आजी-आजोबांच्या उशाशी कोण निजतंय ते बघून घ्या.’ हे वाक्य सुचल्यावर माझं मलाच हसू आलं.

सुचलं म्हणून लिहिलं. त्यात वाईट हेतू काही नव्हता.

१३ फेब्रुवारी

कट्ट्याबाहेर गेलं. कुणीतरी झाकणाचा फोटो आणि माझं उशाशीचं वाक्य उचलून इकडे तिकडे पाठवलं. स्टुडिओतल्या निवेदिकेने मलाच आणून दाखवलं, “बघा हो, माझ्या सासूबाईंना हेच घेतलंय.” मी म्हटलं, “हं, जपून असावं.” बाहेर आलो तेव्हा चालण्यात ऐट होती, खोटं कशाला सांगू.

बॅटरीबाबाने विचारलं, “कानसेन, कारखाना बंद झाला की साचे लिलावात विकतात ना? दुसऱ्या कुणी घेतला असेल साचा, तर त्रिकोण आतमध्ये तसाच राहणार.” मी उत्तर दिलं, “बाबा, माणसाने टोपी विकली म्हणून डोकं बदलत नाही.” शंभर जणांना आवडलं. बाबा गप्प झाला.

खरं तर त्याच्या प्रश्नाला ते उत्तरच नव्हतं. साचे विकले जातात, हे मलाही ठाऊक आहे. पण प्रत्येक गोष्टीत असं कुठवर शंका काढत बसायचं?

१७ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. आवाज बसलेला. “दादा, येशील का? आज तरी ये.”

गेलो. दुकानात गर्दी होती, पण विकत घ्यायला आलेल्यांची नव्हे. गल्ल्यावर ‘सोबत’ची रास. सगळे काळेच, निळे संपले असावेत. मेहुणे एकेकाला पैसे परत देत होते, वर “माफ करा” म्हणत होते. एका म्हाताऱ्या बाईंना त्यांचा मुलगा घेऊन आला होता. बाईंनी यंत्र दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. मुलगा म्हणत होता, “आई, दे ना. फुगतं म्हणे ते. तुझ्या उशाशी असतं.” बाई म्हणाल्या, “नाही रे फुगत. मी रोज हात लावून बघते.” शेवटी त्याने बोटं सोडवून ते काढून घेतलं आणि गल्ल्यावर ठेवलं. ‘उशाशी’ हा शब्द माझा. कट्ट्यावरून तो त्या मुलाच्या तोंडात गेला होता.

मी घड्याळांच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो. कपाटाच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं, म्हणून तिथूनही हललो.

गर्दी ओसरल्यावर धाकटी म्हणाली, “कोण तो कानसेन आहे, त्याने आमचं वाटोळं केलं. मी ते वाचणारच नाही, मला नुसतं ऐकूनच भोवळ येते. हे वाचतात.” मेहुण्यांनी मान वर केली नाही. “दादा, तुला आवाजातलं कळतं, तुझं लोक ऐकतील. तू त्याच्याविरुद्ध लिही ना. तुझ्या खऱ्या नावाने लिही.”

“बघतो,” म्हणालो. तिला वाटलं मला राग आलाय. पाणी आणून दिलं.

१८ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, “परवापर्यंत तर फार गमजा चालल्या होत्या कट्ट्यावर.” मी म्हटलं, जे दिसलं ते लिहिलं. ती म्हणाली, “जे दिसलं ते सगळं?”

या बाईला मी बॅटरीबद्दल काही सांगितलेलं नाही. नुसतं माझ्या तोंडावरून ओळखते. मी उठून हात धुतले.

२० फेब्रुवारी

आज दुकानामागच्या खोलीत धाकटीने सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनेच दार लावलं आणि सांगितलं.

‘सोबत’ बनवणाऱ्या एक बाई आहेत. नदीपलीकडे त्यांचा लहानसा कारखाना. त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. त्यांचं मुख्य काम एका मोठ्या कंपनीसाठी : तिथे महागड्या नावाने जे प्लेअर विकले जातात, त्यांची आतडी बाईंच्या कारखान्यात जोडली जातात. तीच आतडी ‘सोबत’मध्ये. म्हणून आवाज असा. झाकणाचा साचा बाईंनी त्रिकोणवाल्यांच्या लिलावातून घेतला, नवा साचा परवडत नव्हता.

म्हणजे बॅटरीबाबाचं खरं होतं. अक्षरन् अक्षर.

“मग सांगून टाक ना लोकांना,” मी म्हटलं.

“कसं सांगू? मोठ्या कंपनीला कळलं की हाच माल आपल्या दुकानात पाव किमतीला मिळतो, तर ते बाईंचं काम काढून घेतील. करारात तसं काही नाही, पण ते मोठे लोक, त्यांना कारण कशाला लागतं? बाईंनी एवढंच मागितलं होतं, माझं नाव बाहेर येऊ देऊ नका. आम्ही दोघांनी शब्द दिलाय. आता तुला सांगितलं, तू काही बाहेरचा नाहीस.”

तू काही बाहेरचा नाहीस! मी ज्यासाठी एवढे दिवस फुगून बसलो होतो, ते असं दार लावून पदरात पडलं. आणि पडलं तेव्हा नकोसं झालं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. इतक्यात दुकानात कुणी आलं, धाकटी उठली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची आत्ता लाज वाटते आहे.

२२ फेब्रुवारी

ठरवलं की कानसेनाने चूक कबूल करायची. चार ओळी पुरे : माझं चुकलं, त्रिकोण साच्याचा आहे, बनवणाऱ्याचा नव्हे, बॅटरी उत्तम आहे, मला दिसली होती आणि मी लपवली.

सकाळपासून तेवढं लिहायला बसलोय. ‘मी लपवली’ लिहिलं की खोडतो. मग ‘माझ्या नजरेतून सुटली’ असं लिहिलं. मग वाटलं, कानसेनाच्या नजरेतून बॅटरी सुटली हे कुणाला पटेल? शेवटी ‘नवी माहिती हाती आल्यामुळे’ असं लिहिलं. हे बरं वाचतं.

टाकलं. लगेच विचारणा सुरू. ‘मग कुणाचं?’ ‘कानसेन, तोंडघशी पडलात की काय?’ ‘दुकानदाराने गप्प बसायला काय दिलं?’ हे शेवटचं फार झोंबलं. माणसाने चूक कबूल केली तर त्याला हे ऐकायचं? म्हणून एकच ओळ आणखी टाकली, निव्वळ विषय संपावा म्हणून : ‘कानसेन विकला जात नाही. निर्माता कोण ते मला खात्रीने माहीत आहे. एवढंच सांगतो, नदी ओलांडा, आणि तुमच्या महागड्या प्लेअरची आई भेटेल.’

नाव घेतलेलं नाही. शब्द मोडलेला नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळपर्यंत त्यांनी नाव काढलं. नदीपलीकडे असं काम करणारे कारखाने असतात किती? कट्ट्यावर मोठ्या बाईंच्या फाटकाचा फोटो आहे. खाली माझं कौतुक : ‘कानसेन तो कानसेनच!’

माझी ओळ पुसली. फोटो राहिला, तो माझा नव्हे. बॅटरीबाबाने एकच वाक्य लिहिलं आहे : “हे करायला नको होतं.”

काल लिहिलं होतं, शब्द मोडलेला नाही. कुणाला फसवत होतो? ही वही तर कुणी वाचत नाही.

१ मार्च

मोठ्या कंपनीने बाईंचं काम काढून घेतलं. बाईंनी धाकटीला फोन करून सांगितलं, यापुढे ‘सोबत’ मिळणार नाही. ओरडल्या नाहीत म्हणे. फक्त म्हणाल्या, “तुमच्यावर विश्वास ठेवला होता, पोरी.”

धाकटी हे फोनवर सांगताना रडत नव्हती. त्याची जास्त भीती वाटली.

५ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

धाकटी दुपारी घरी आली, एकटीच. हिच्याजवळ बसली आणि म्हणाली, “वहिनी, बाईंचं नाव माहीत होतं ते तिघांनाच. मी, हे आणि दादा. मी बोलले नाही. दादा मरेल पण बोलणार नाही. मग उरलं कोण? यांना मित्रांत बसलं की तोंडाला लगाम नसतो. आठवडाभर विचारतेय, हे काही बोलतच नाहीत. नुसते खाली बघतात. मी नाही बोलले, एवढंसुद्धा म्हणत नाहीत. म्हणजे झालंच ना?” दोन दिवस ते दुकानाच्या मागच्या खोलीतच निजताहेत. ती म्हणाली, “चूक केली त्याचं नाही एवढं. मान्य करायची हिंमत नाही, असल्या माणसाबरोबर कसं राहायचं?”

मी दारात उभा होतो. ही माझ्याकडे बघत होती. धाकटीला वाटलं तिच्याकडे बघते आहे.

असल्या माणसाबरोबर. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. आणि तरीसुद्धा, मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात आलं की धाकटी चार दिवसांनी विसरेल, नवरा-बायकोची भांडणं मिटतात, कशाला बोला. इतका हलका माणूस मी आहे हे मला या वयापर्यंत कळलं नव्हतं.

धाकटी गेल्यावर ही म्हणाली, “आज तुम्ही गेला नाहीत, तर उद्या मी जाईन. पण मी सांगितलेलं आणि तुम्ही सांगितलेलं यात फरक आहे. तो तुम्हाला कळतो का, एवढंच बघायचंय मला.”

६ मार्च

गेलो.

दुकान उघडायच्या आधीच गेलो. मेहुणे फडक्याने काउंटर पुसत होते, धाकटी घड्याळं लावत होती, दोघांत एक कपाटभर अंतर. मी म्हटलं, “कानसेन मी आहे.” आणखी बरंच ठरवून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

धाकटी हसली. खरंच हसली. “दादा, आत्ता थट्टा नको रे.”

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं.

मी सगळं सांगितलं. झाकण, त्रिकोण, बॅटरी दिसली होती ते, उशाशीचं वाक्य, नदी ओलांडायची ओळ. का केलं तेही सांगायचा प्रयत्न केला. “मला वाटलं, तुम्ही मला सांगितलं नाही. मला परकं केलंत.”

“परकं?” धाकटी म्हणाली. “जानेवारीत तुला किती फोन केले मी! बाईंनी तीन नमुने पाठवले होते. आम्हाला काय कळतंय त्यातलं? दादा ऐकेल, तो म्हणेल तो ठरवू, म्हणून बाईंना आठ दिवस थांबवून ठेवलं होतं. तू आलाच नाहीस. शेवटी डोळे मिटून एक निवडला आणि पहिला तुला आणून दिला. दादा, एकदा विचारायचंस तरी. ‘कोण बनवतं गं?’ त्याच दिवशी सांगितलं असतं.”

स्पीकर दुरुस्त करायचा नव्हता. माझे कान हवे होते.

मी मेहुण्यांकडे वळलो. “तुमच्यावर आळ आला. तुम्ही का नाही म्हणालात की मी बोललो नाही?”

ते फडकं पिळत म्हणाले, “दादा, मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. फोटोतलं झाकण निळं होतं. निळा एकच केला होता, तुमच्यासाठी. बाकी सगळे काळे.”

“अहो, मग बोलायचं ना!” मी म्हटलं.

“काय बोलू? माझ्यावर चिडली तर आज ना उद्या बोलेल, नवराच आहे. तुमच्यावरचा तिचा विश्वास उडाला, तर तो मी कुठून आणून देणार होतो?”

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, एखाद्या गिऱ्हाइकाला किंमत सांगावी तसं. ज्याच्या तोंडाला लगाम नसतो म्हणतात, तो माणूस तीन आठवडे माझ्यासाठी गप्प बसला होता. मी त्याला आजवर कधी धड नावानेसुद्धा हाक मारलेली नाही.

धाकटी खुर्चीवर बसली आणि नवऱ्याकडे बघून रडायला लागली. माझ्याकडे बघितलंच नाही. मी निघालो.

७ मार्च

माझ्या नावाने लिहिलं. कानसेन म्हणजे अमुक तमुक, राहणार इथला, धंदा हा. बॅटरी दिसली होती आणि मी लपवली. बाबाचा प्रश्न बरोबर होता आणि मी त्याला हसण्यावारी नेलं. ज्यांचं नाव फोडलं त्यांनी कुणालाही फसवलेलं नव्हतं. खाडाखोड केली नाही. शिव्या आल्या. आल्या तशा वाचल्या. काही जण म्हणाले, ‘मोठेपणा दाखवलात.’ ते वाचवेना.

११ मार्च

नदीपलीकडे जाऊन आलो. मोठ्या बाईंना वाटलं होतं मी कंपनीचा माणूस. कोण ते सांगितल्यावर बसायला सांगितलं नाही, हाकलूनही दिलं नाही. मागे लांब टेबलं होती, बहुतेक रिकामी. दोघी-तिघी बायका तारा जोडत होत्या, तसंच स्वच्छ काम.

“त्रिकोण घासून टाकायचा राहिला,” बाई म्हणाल्या. “आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय, असं वाटलं. माझंही चुकलंच.”

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मोठ्या कंपनीत जाऊन सांगतो, पाया पडतो. “नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता काही सांगू नका कुणाला.”



१६ मार्च

धाकटीचा फोन आला. ‘दादा’ म्हणाली नाही, सरळ कामाचं बोलली. परत आलेले ‘सोबत’ कपाटात पडून आहेत. चांगली वस्तू आहे, फेकणार नाही. नवे मिळणार नाहीत, तर निदान आहेत ते ज्यांना हवेत त्यांच्या घरी जाऊ देत. “रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचं. गिऱ्हाइकासमोर उघडायचं, बॅटरी दाखवायची. आणि कुणी विचारलं तर खरं सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही.”

“येतो,” म्हटलं. तिने फोन ठेवला.

ही म्हणाली, “बोलावलं ना? मग पडलेल्या तोंडाने जाऊ नका, तिथे गिऱ्हाईक येतं.”

२४ मार्च

आठवडा झाला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो, पेचकस, फडकं आणि समोर एक दिवा. मेहुणे चहा आणून ठेवतात. धाकटी बोलते ती कामापुरती. लोक झाकणातला त्रिकोण बघतात, बॅटरी बघतात, काही नेतात, काही नेत नाहीत. कानसेनाबद्दलचा नेमका प्रश्न अजून कुणी विचारलेला नव्हता. रोज दुकान बंद होताना मी सुटकेचा निःश्वास टाकत होतो, आणि धाकटीला तो ऐकू जात असावा.

आज एक बाई आल्या. पोस्टातल्या असाव्यात, गणवेशातच होत्या. वडिलांना हवं होतं. मी झाकण उघडून सगळं दाखवलं, साच्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग त्या कानसेनाने तसं का पसरवलं? त्याला फार कळतं म्हणे यातलं.”

धाकटी दुसऱ्या स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होती. तिचा हात थांबला. मेहुणे बिलाच्या पुस्तकात काहीतरी शोधायला लागले.

“कानसेन मीच,” मी म्हणालो. “मला बॅटरी दिसली होती. मी मुद्दाम दाखवली नाही.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या उघड्या यंत्राकडे. चिडल्या नाहीत. खरोखरच विचारावं तसं त्यांनी विचारलं, “मग आज तुम्ही चांगलं म्हणताय, ते मी का खरं मानायचं?”

कट्ट्यावर मी कधी कुणापुढे निरुत्तर झालो नाही. इथे पेचकस हातात धरून नुसता बसून राहिलो. बाई वाट बघत होत्या.

धाकटी स्टुलावरून खाली उतरली, माझ्या हातातून यंत्र घेतलं, झाकण बसवलं आणि बाईंच्या समोर ठेवलं.

“त्याचं मानू नका,” ती म्हणाली. “दुकान माझं आहे. मी सांगते, चांगलं आहे. घेऊन जा.”

बाईंनी घेतलं. मेहुण्यांनी बिल केलं. मी कपाटातून पुढचं यंत्र काढून उघडायला घेतलं.